चॅट्सवर्थ वरून खाली बघ

रावेर

चि. ओंकार यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

शनिवारी तुम्ही मित्रमंडळी शेफील्डहून चॅट्सवर्थला, म्हणजे इंग्लंडमधला डेव्हनशरच्या ड्यूकांचा जुना वाडा आणि बाग बघायला जाणार असं म्हणालास. तिकिटं काढली नसतील तर हे वाचून मग काढ. वाड्याच्या तिकिटासोबत आत जायची वेळही निवडावी लागते, आणि ती कोणती निवडता यावर सगळा दिवस अवलंबून आहे. दुपारी अडीचच्या आसपासची घे. बरेच जण सकाळची घेतात. तीसेक दालनं बघण्यात दीड-दोन तास जातात. शेवटच्या दुकानातून बाहेर पडेपर्यंत पाय बोलायला लागलेले असतात, पोटात कावळे ओरडत असतात, आणि १०५ एकरांच्या बागेच्या वाट्याला कारंज्यासमोरचा एक फोटो येतो. तुम्ही उलटा क्रम लावा: आधी डोंगर, मग बाग, शेवटी वाडा. चॅट्सवर्थची सगळी करामत पाण्याची आहे आणि पाणी वरून खाली येतं, म्हणून बघणाऱ्यानेही वरूनच खाली यावं.

शेफील्डच्या बसस्थानकावरून बेकवेलकडे जाणारी २१८ नंबरची बस चॅट्सवर्थच्या आवारात थांबते. सकाळची लवकरची पकडा, म्हणजे दहाच्या सुमारास पोचाल. शनिवार-रविवारचं वेळापत्रक वेगळं असतं आणि ते हंगामानुसार बदलतं. परतीची शेवटची बस कधी आहे ते उतरतानाच चालकाला विचारून घ्या. बूट खडबडीत तळव्याचे घाला, कारण जंगलातल्या दगडी पायऱ्यांवर ओली पानं पडली की पाय सरकतो. छत्रीपेक्षा पावसाळी जाकीट बरं, दोन्ही हात मोकळे राहतात. डबा बरोबर न्या. बागेत हिरवळीवर बसून खाता येतं आणि उपाहारगृहाच्या रांगेतला वेळही वाचतो.

आता जागेची मांडणी डोक्यात घे. डरवेंट नदी उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते. वाडा तिच्या पूर्व काठावर. वाड्यामागे लगेच स्टँड वुड नावाच्या जंगलाचा खडा चढ, आणि चढ संपला की हेदरच्या झुडपांचा उघडा माळ. ही जमीन सर विल्यम कॅव्हेंडिश आणि त्यांची बायको बेस यांनी १५४९ मध्ये ६०० पौंडांना घेतली आणि १५५२ मध्ये बांधकाम सुरू केलं. त्या काळी इथे मोठं घर बांधायला शहाणा माणूस धजला नसता: ओलसर दरी, पुराची नदी, मागे ओसाड माळ. पण त्या माळानेच पुढे सगळी बाग जगवली. वरचा थर पीटचा, म्हणजे अर्धवट कुजलेल्या शेवाळाचा. तो पावसाचं पाणी धरून ठेवतो आणि सावकाश सोडतो. झऱ्याचं पाणी चहासारखं तपकिरी दिसलं तर घाण समजू नकोस, तो पीटचा रंग आहे.

स्टँड वुडमध्ये फिरायला तिकीट लागत नाही. तबेल्यांच्या मागून वाट चढते, खुणा लावलेल्या आहेत. चढ दमवणारा आहे, पायऱ्या उंचसखल आहेत, तेव्हा पहिल्या दहा मिनिटांत पळू नका. वर चार कोपऱ्यांना घुमटीदार बुरूज असलेला हंटिंग टॉवर लागेल. तो १५८२ च्या सुमाराचा, म्हणजे बेसच्या काळातला. खालचं तिचं घर नंतर पार बदललं, हा मनोरा मात्र राहिला. आत जाता येत नाही. पण इथे थांबून खाली बघा, नकाशा आपोआप समजेल: वाडा, नदी, पूल, पलीकडची कुरणं. ही कुरणं निसर्गाने दिलेली वाटतात, पण ती रचलेली आहेत. १७६० च्या आसपास कॅव्हेंडिश घराण्यातल्या चौथ्या ड्यूकने केपबिलिटी ब्राउन या बागरचनाकाराला बोलावलं. त्याने जुन्या चौकोनी बागा मोडल्या, जमिनीचे उंचवटे घासून सलग उतार केले, नदीच्या पात्रालाही हात घातला. पूल वास्तुकार जेम्स पेनचा, त्याच काळातला. तो वाड्याशी थोडा तिरका आहे. गाडी वळणावर आली की वाडा कोनातून, दोन बाजूंसकट दिसावा, असा त्याचा फायदा होतो.

मनोऱ्यावरून माळाच्या कडेने रुंद वाट जाते. या बाजूला दोन तळी आहेत, स्विस लेक आणि एम्परर लेक. एम्परर लेकपाशी पाच मिनिटं थांब, कारण तू यंत्राचा विद्यार्थी आहेस आणि हे तळं म्हणजे एक यंत्रच आहे. १८४३ मध्ये रशियाचा झार निकोलस पहिला पुढच्या वर्षी चॅट्सवर्थला येण्याची शक्यता आहे असं सहाव्या ड्यूकला कळलं. त्याने आपला बागप्रमुख जोसेफ पॅक्स्टन याला जगातलं सर्वांत उंच कारंजं उभारायला सांगितलं. पॅक्स्टनने वाड्यापेक्षा सुमारे ३५० फूट, म्हणजे १०७ मीटर उंचीवर आठ एकरांचं हे तळं खणलं, माळावरचं पाणी पाटाने त्यात आणलं आणि तिथून खालपर्यंत ओतीव लोखंडाचा नळ टाकला. रात्री मशालींच्या उजेडात काम चालू ठेवून सहा महिन्यांत सगळं पुरं केलं. पंप कुठेही नाही. झार १८४४ मध्ये इंग्लंडला आला, पण चॅट्सवर्थला आला नाही, आणि ते कारंजं न बघताच १८५५ मध्ये वारला.

हिशेब कर. १०७ मीटर पाण्याचा स्तंभ म्हणजे तळाशी दर चौरस सेंटिमीटरला साधारण पावणेअकरा किलो दाब. काहीही तोटा झाला नाही तर तोटीतून पाणी सेकंदाला सुमारे ४६ मीटरच्या वेगाने निघेल आणि तळ्याच्या पातळीइतकं वर चढेल. प्रत्यक्षात नोंद आहे ती २९६ फुटांची, म्हणजे ९० मीटरची. बाकीची उंची गेली नळातल्या घर्षणात, वळणांत आणि हवेच्या अडथळ्यात. हवेचा अडथळा लहान धारेला जास्त भोवतो, कारण ती लवकर फुटून तिचे तुषार होतात. धार जाड आणि तोटीची आतली बाजू गुळगुळीत असेल तर धार उंचावर एकसंध राहते. पण जाड धारेला पाणीही तेवढंच जास्त लागतं. म्हणूनच एरवी कारंजं पूर्ण ताकदीने सोडत नाहीत. निम्म्या उंचीच्या आसपास चालवतात, नाहीतर तळं उतरेल आणि माळ ते भरून काढायच्या आत पाणी संपेल. उन्हाळा कोरडा गेला असेल तर धार आणखी बुटकी दिसेल. आपल्याकडे लोक छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीला कौतुकाने बघतात, तिथेही दुरून उतारावर आणलेलं पाणी नळातून वर चढवलेलं आहे. तत्त्व तेच, इथे दाब पुष्कळ जास्त.

आणखी एक धोका असतो तो झडपेचा. इतक्या दाबाखाली वाहणारं पाणी एकदम अडवलं तर नळातल्या सगळ्या पाण्याचा धक्का झडपेवर बसतो आणि सांधे उखडतात. शेतातली पाइपलाइन व्हॉल्व्ह झटक्यात बंद केल्यावर फुटते, त्याचं कारणही हेच. इथली झडप हळूहळू फिरवतात. सकाळी कारंजं सुरू होताना बघायला मिळालं तर लक्ष दे, धार एकदम उडत नाही, वाढत वाढत जाते.

हेच पाणी १८९३ पासून १९३६ पर्यंत वाड्याला वीज पुरवत होतं. नंतर बाहेरची वीज आली आणि टर्बाइन बंद पडलं. १९८८ मध्ये नवं बसवलं, ते वाड्याच्या गरजेची सुमारे एक तृतीयांश वीज तयार करतं. सेकंदाला एक लिटर पाणी १०७ मीटर खाली सोडलं तर कागदावर एक किलोवॉटच्या थोडं वर निघतं, तेव्हा तू पुढचं गणित मांडू शकशील.

उतरताना पॅक्स्टनच्या पाणकालव्याची मोडकी वाटणारी दगडी कमान दिसते. ती मुद्दामच भग्न दिसेल अशी बांधली आहे. तिच्या टोकावरून पाणी दरीत पडतं. जंगलात दीड-दोन तास पुरे, बाराच्या आत खाली या आणि बागेत शिरा.

बागेत शिरल्यावर डावी-उजवी न करता थेट कॅस्केडच्या, म्हणजे उतारावरच्या दगडी पायऱ्यांवरून पाणी खाली सोडलेल्या धबधब्याच्या माथ्यावर चढा. वर थॉमस आर्चरने १७०३ मध्ये बांधलेली देवळीसारखी छोटी इमारत आहे, कॅस्केड हाउस. तिच्या छतावरून, कोरलेल्या मूर्तींच्या तोंडातून पाणी निघून खालच्या दगडी पायऱ्यांवर येतं. पायऱ्यांचं मूळ काम फ्रेंच जलतज्ज्ञ ग्रिये याचं, १६९६ चं, आणि पाचेक वर्षांत ते वाढवून पुन्हा बांधलं. इथे खाली बसून पायऱ्या नीट बघ. त्यांचे २४ गट आहेत आणि एकही गट दुसऱ्यासारखा नाही. कुठे पायऱ्या दोन-तीनच आणि रुंद, कुठे अरुंद आणि पुष्कळ, कुठे कडेला गोलाई, कुठे धारदार कोपरा. पाणी रुंद पायरीवर पसरतं तेव्हा खळखळ होते. अरुंद पायऱ्यांवर पटापट पडतं तेव्हा सळसळ. पायरीची कड थोडी पुढे काढलेली असेल तर पाणी दगड सोडून पडतं आणि मागे हवा कोंडून वेगळाच घुमारा येतो. कडेच्या गवतावरून सावकाश खाली चालत या आणि बोलू नका, दर दहा-पंधरा पावलांवर आवाज बदलेल. तीनशे वर्षांपूर्वी पाण्याचा आवाज पाथरवटाच्या छिन्नीने जुळवला, ही मला चॅट्सवर्थमधली सर्वांत मोठी गोष्ट वाटते. रंगवलेली छतं युरोपात पुष्कळ आहेत.

एक मात्र आधी बघून ठेव. कॅस्केडला गळती लागली म्हणून त्याच्या मोठ्या दुरुस्तीचं काम काढलं आहे. पाणी सोडलेलं आहे का, की दगड सुटे करून ठेवले आहेत, हे निघण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर तपास. अशा बांधकामाचं दुखणं ठरलेलं असतं. दगडाखालचा मातीचा थर झिरपणाऱ्या पाण्याने धुपतो, पायरी एका कडेला बसते, सांधा उघडतो, त्यातून आणखी पाणी मुरतं. हिवाळ्यात सांध्यातलं पाणी गोठून फुगतं आणि फट रुंदावते. वरवर चुना भरून भागत नाही, दगड क्रमांक घालून उचलावे लागतात आणि खालचा पाया पुन्हा करावा लागतो. काम चालू असेल तर निराश होऊ नकोस, कोरड्या पायऱ्यांवर दगडाचे टाके उलट जास्त स्पष्ट दिसतात.

कॅस्केडच्या तळाशी पाणी जमिनीत गडप होतं. ते वाया जात नाही. नळाने दक्षिण हिरवळीवरच्या सी हॉर्स कारंज्यात जातं, तिथून पश्चिमेच्या बागेतल्या कारंज्यात आणि शेवटी नदीला मिळतं. एकच पाणी तीनदा वापरलेलं. जवळच्या झाडीत विलो ट्री कारंजं आहे. दिसायला पानं गळालेलं झाड, प्रत्यक्षात तांब्याच्या नळ्या, आणि फांदीफांदीतून पिचकारी. व्हिक्टोरिया राजकन्या असताना १८३२ मध्ये इथे आली होती तेव्हा तिलाही ते फार आवडलं होतं. कॅमेरा सांभाळा.

पुढे रॉकरी. सहाव्या ड्यूकला आल्प्सची सफर आवडली होती, तेव्हा पॅक्स्टनने १८४० च्या दशकात डोंगरच उभा केला. प्रचंड शिळा एकमेकींवर रचल्या, त्यातली वेलिंग्टन रॉक ४५ फूट उंच. शिळांचे सांधे शोधून बघ, झाडं आणि ओल यांच्या आड ते अशा खुबीने दडवले आहेत की नैसर्गिक कडाच वाटावा. वरून पाणी सोडलेलं असतं आणि कडक थंडीत त्याचे बर्फाचे लोलक होतात.

रॉकरीच्या पलीकडे यू नावाच्या सदाहरित झाडांचा भुलभुलैया आहे. तो लावला १९६२ मध्ये, पण तो ज्या दगडी भिंतींच्या आत आहे त्या भिंतींकडे बघ. इथे पॅक्स्टनचं ग्रेट कन्झर्व्हेटरी हे काचघर होतं. १८३६ ते १८४१ मध्ये बांधलेलं, २७७ फूट लांब, १२३ फूट रुंद, आत बग्गी फिरेल एवढा मधला रस्ता. गरम ठेवायला आठ बॉयलर आणि सात मैल लोखंडी नळ. कोळसा भुयारातून आणत, म्हणजे काळे हात आणि धूळ पाहुण्यांच्या नजरेला पडू नये. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना, आतली झाडं थंडीने मेली, आणि १९२० मध्ये सुरुंग लावून ते पाडलं.

हे काचघर भरायला झाडं आपल्याकडून गेली, हे माहीत असू दे. ड्यूकने १८३५ मध्ये जॉन गिब्सन नावाच्या तरुण माळ्याला कलकत्त्याला पाठवलं. खासी टेकड्यांमधून त्याने शेकडो ऑर्किड गोळा केली. ड्यूकला मुख्यत्वे हवी होती ती अ‍ॅम्हर्स्टिया, ब्रह्मदेशात सापडलेली. भायखळ्याच्या राणीच्या बागेत लाल झुंबरांसारखा फुलणारा उर्वशीचा वृक्ष तोच. तो गिब्सनने १८३७ मध्ये जिवंत नेला. खाऱ्या वाऱ्यापासून जपण्यासाठी रोपं वॉर्डच्या काचपेट्यांत बंद करून डेकवर ठेवत. मातीतली वाफ काचेला लागून परत मातीत पडते, त्यामुळे महिनोन्‌महिने पाणी घालावं लागत नाही.

आता दक्षिणेकडे कॅनाल पाँड. पाव किलोमीटरहून लांब सरळ तळं, १७०२ मध्ये खणलेलं, आणि त्यासाठी आधी तिथलं टेकाड काढून टाकलेलं. झारसाठी उभारलेलं ते एम्परर कारंजं याच तळ्यात, वाड्याच्या बाजूच्या टोकाला आहे. वारा कुठून वाहतो ते बघून त्याच्या उगमाच्या बाजूला उभे राहा, नाहीतर तुषार थेट अंगावर. दुपारनंतर सूर्य पश्चिमेला गेला की पूर्वेकडून, सूर्य समोर ठेवून बघा, धार उजळते. इंद्रधनुष्य हवं असेल तर सूर्य पाठीशी हवा. डबा इथे खा.

परत उत्तरेला या. पहिल्या ड्यूकचं १६९८ चं दगडी हरितगृह आणि त्यासमोर गुलाब, त्याच्या जवळच पॅक्स्टनची उबदार भिंत. उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारी काचेची खोल्यांची रांग दिसेल तीच. भिंतीच्या आत धुराड्याचे मार्ग आहेत. तळाशी विस्तव पेटवला की उष्ण धूर भिंतीतून फिरे आणि तिला टेकवून वाढवलेल्या फळझाडांवर दंव धरत नसे. काचेचं आवरण नंतरचं, १८५० च्या सुमाराचं. पॅक्स्टनच्या मोठ्या काचघरांचं छत वळ्यांचं असायचं, पत्र्याच्या पन्हाळीसारखं. सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन अशा काचेवर सरळ पडून आत शिरतं, दुपारचं प्रखर ऊन तिरपं पडून बरंचसं परततं. दोन वळ्यांमधली लाकडी पन्हाळ त्याहून चतुर होती. वरच्या खाचेतून पावसाचं पाणी जायचं, आणि आतल्या बाजूच्या दोन बारीक खाचांतून काचेवर आतून साचलेलं दव. दव गळून फुलांवर पडलं की बुरशी येते, हे कोणत्याही पॉलीहाउसवाल्याला विचार. याच अनुभवावर पॅक्स्टनने १८५१ चा लंडनचा क्रिस्टल पॅलेस उभा केला. त्याचं शिक्षण शाळेत फारसं झालेलं नव्हतं. १८२६ मध्ये, तेविसाव्या वर्षी, तो इथे बागप्रमुख म्हणून पहाटे साडेचारला पोचला, बंद फाटकावरून चढून आत गेला आणि नाश्त्याच्या आत सगळी बाग पालथी घालून माणसं कामाला लावली.

जवळच १९७० चं नवं हरितगृह आहे, तीन वेगवेगळ्या हवामानांचं. आत सोडतात का ते विचारा, नेहमी उघडं असतंच असं नाही. उघडं असेल तर चुकवू नका, कारण तिथे केळ आहे. पॅक्स्टनने १८३० च्या सुमारास मॉरिशसवरून आलेल्या जातीचं एक झाड मिळवलं, भरपूर खत, पाणी आणि ऊब देऊन वाढवलं. १८३५ च्या नोव्हेंबरात ते व्यालं, आणि पुढच्या वर्षी लंडनच्या प्रदर्शनात त्याला पदक मिळालं. मालकाच्या घराण्यावरून जातीला कॅव्हेंडिश नाव पडलं. मिशनऱ्यांनी तिची रोपं सामोआला नेली. आपल्या मळ्यात टिश्यूकल्चरची जी ग्रँड नैन लागते ती कॅव्हेंडिश गटातलीच, आणि आजोबा लावायचे ती बसराईसुद्धा. आपली रोपं चॅट्सवर्थच्या झाडापासून आली असं मात्र समजू नकोस. या गटाची केळी पूर्वेकडे आधीपासून होती, तिथून नाव तेवढं पडलं. हा गट बुटका आहे म्हणून वाऱ्याला टिकतो, हे पॅक्स्टनलाही काचेच्या छताखाली सोयीचं पडलं. आणि बी नसल्याने मुनव्यांवरच वाढतो, म्हणून प्रत्येक झाड दुसऱ्याची नक्कल. मर रोगाचा धोका याच कारणाने इतका मोठा आहे: एक झाड ज्या बुरशीला बळी पडतं तिला सगळाच मळा बळी पडू शकतो.

अडीचला वाड्यात. पाठीवरची पिशवी पुढे घ्या, वळताना चिनी भांडी मागे असतात. प्रकाश मंद असतो, कारण जुनं रेशीम आणि भिंतींवरचे विणलेले पडदे उजेडाने विटतात आणि ते नुकसान भरून येत नाही. उन्हातून आत आल्यावर दोन-तीन मिनिटं पहिल्या दालनातच थांबा, डोळे सरावले की रंग दिसू लागतात. पेंटेड हॉलमध्ये लागेर या चित्रकाराने १६९० च्या दशकात ज्युलियस सीझरचं आयुष्य रंगवलं आहे. मुख्य राजदालनं दुसऱ्या मजल्यावर आहेत, कारण बेसच्या घराचं मोठं दालन तिथेच होतं आणि पहिल्या ड्यूकने जुन्या घराच्या सांगाड्यावरच नवं चढवलं. ती दालनं राजा विल्यम आणि राणी मेरी यांच्यासाठी सजवली, ते कधी आलेच नाहीत. दुसऱ्या महायुद्धात मात्र तिथे शाळेच्या मुलींची वसतिगृहं होती, आणि झोपलेल्या मुलींच्या श्वासाच्या दमटपणाने काही चित्रांच्या मागे बुरशी धरली. सैनिकांपेक्षा शाळेच्या मुली परवडल्या असा ड्यूकचा विचार होता, आणि तो बरोबरच ठरला.

संगीत दालनात आतल्या दारावर खुंटीला टांगलेलं व्हायोलिन आहे. ते रंगवलेलं आहे. समोरून नव्हे तर बाजूला सरकून बघ: खरी वस्तू असती तर तू सरकलास की ती मागच्या दाराच्या मानाने सरकलेली दिसली असती. दक्षिणेच्या खिडक्यांतून मघाचा कॅनाल पाँड बघ, तो तिथूनच बघण्यासाठी आखलेला आहे. शेवटच्या मूर्तिदालनाला मात्र वेळ राखून ठेवा. शिल्पकार राफाएल माँटीची ओढणीतली कुमारिका १८४७ ची. ओढणीखालून नाक, ओठ, पापणी सगळं दिसतं, पण ओढणीही दगडाची आणि चेहराही दगडाचा. जवळ जा. जिथे कापड चेहऱ्याला टेकलंय तिथे संगमरवर झिलईने गुळगुळीत केलंय आणि जिथे सुटं आहे तिथे चुण्या खोल कोरल्यात. उजेड गुळगुळीत भागावरून परततो, चुण्यांत अडकतो, आणि डोळ्याला कापड पारदर्शक वाटतं. हात लावू नका, घामातल्या तेलाने संगमरवर पिवळा पडतो.

एवढं घराणं श्रीमंत, पण १९५० मध्ये दहावा ड्यूक वारला तेव्हा वारसा कर मालमत्तेच्या ८० टक्के लागला. जमिनी, चित्रं आणि हार्डविक हॉल हा बेसचा दुसरा वाडा देऊन तो फेडला. १९८१ मध्ये चॅट्सवर्थचा विश्वस्त निधी केला. तुमच्या तिकिटाचे पैसे तिकडे जातात. म्हणून तिकीट महाग वाटलं तरी कुरकुरू नका, त्या छपराची आणि दगडांची दुरुस्ती कधीच संपत नाही.

चारनंतर वेळ उरला तर नदीपलीकडच्या एडेन्सर गावात जा, कुरणातून वीस मिनिटं. बसमध्ये नाव विचारताना ‘एन्सर’ म्हणा. वाड्यातून घरं दिसतात म्हणून जुनं गाव उठवून १८४० च्या आसपास नवं वसवलं, आणि दोन घरं सहसा एकाच घाटाची नाहीत. पॅक्स्टन तिथल्याच दफनभूमीत आहे. मेंढ्यांच्या कळपातून जाताना कुरणाची फाटकं लावून घ्या, कुत्रा बरोबर असेल तर साखळी सोडू नका.

हरितगृह उघडं मिळालं आणि घड धरलेला असेल तर त्याचा फोटो पाठव. फण्या किती आहेत ते मोज, आणि खोडाची उंची तुझ्या उंचीच्या मानाने किती भरते तेही लिही. काचेखाली, आपल्या उन्हाशिवाय, ते किती फण्या धरतं याची बाबांना आणि मला दोघांनाही उत्सुकता आहे. आणि २१८ ची शेवटची बस चुकवू नकोस.

तुझी,
आई